उगाळलेले दुःख: सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकारातील विचारांचे चक्र

मराठीत दुःख ‘उगाळले’ जाते, जुने भांडण ‘उकरून’ काढले जाते, तेच ते ‘दळण’ दळले जाते आणि एखाद्याचा शब्द डोक्यात ‘भुंग्यासारखा’ फिरत राहतो. या सगळ्या शब्दयोजना एकाच अनुभवाच्या आहेत: विचार चालू आहे, पण तो कुठेही पोहोचत नाही. मानसशास्त्रात या अनुभवाला ‘पुनरावर्ती नकारात्मक विचार’ असे म्हणतात. थॉमस एहरिंग आणि एडवर्ड वॉटकिन्स या संशोधकांनी 2008 मध्ये त्याची मांडणी करताना असे दाखवले, की विचारांचा विषय कोणताही असला तरी त्यांची चाल सारखीच असते. ते पुन्हा पुन्हा येतात, त्यांचा रोख नकारात्मक असतो आणि ते थांबवणे माणसाला जड जाते. या विचारांतून काही निष्पन्न होत नाही आणि तरीही ते मनाची बरीचशी शक्ती अडवून ठेवतात, हेही त्यांचे लक्षण आहे.

या विचारांचे दोन प्रकार विशेष अभ्यासले गेले आहेत. होऊन गेलेल्या गोष्टी आणि स्वतःची खिन्नता चघळत राहण्याला ‘रुमिनेशन’ म्हणतात. हा शब्द गुरांच्या रवंथ करण्यावरून आला असल्यामुळे मराठीत ‘वैचारिक रवंथ’ हा त्याचा अगदी नेमका पर्याय ठरतो. जे अजून घडलेले नाही त्याची धास्ती घेऊन ‘असे झाले तर, तसे झाले तर’ अशी साखळी विणत बसणे म्हणजे काळजी. नैराश्यात रवंथ अधिक आणि चिंताविकारात काळजी अधिक, असे सर्वसाधारणपणे दिसते. सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकारात मात्र दोन्ही एकत्र नांदतात आणि त्यांच्या जोडीला रागाची रवंथही येते. या विकाराचे वर्णन बहुधा भावनांचे वादळ म्हणून केले जाते. ते वर्णन खरे असले तरी अपुरे आहे, कारण वादळ उठल्यानंतर ते तासन्‌तास घोंगावत ठेवण्याचे काम बऱ्याच अंशी विचार करतात, आणि उपचारांना शिरकाव करायला याच ठिकाणी मोठी जागा मिळते.

‘सीमावर्ती’ या शब्दाचा अर्थ

रक्तातील साखर ‘बॉर्डरलाइनवर आहे’ असे डॉक्टरांनी सांगितले, की आजार अजून पुरता जडलेला नाही, असा दिलासा रुग्णाला मिळतो. मनोविकाराच्या नावातील ‘बॉर्डरलाइन’ या शब्दाचा तसा अर्थ नाही. न्यूयॉर्कमधील मनोविश्लेषक अॅडॉल्फ स्टर्न यांनी 1938 मध्ये हा शब्द अशा रुग्णांसाठी वापरला, जे त्या काळच्या वर्गीकरणानुसार ना मज्जाविकृतीत नीट बसत होते, ना वास्तवाचे भान सुटणाऱ्या चित्तविकृतीत. पुढे 1967 मध्ये ऑटो केर्नबर्ग यांनी या व्यक्तिमत्त्वरचनेचे सविस्तर विवेचन केले आणि 1980 मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत हा विकार स्वतंत्रपणे समाविष्ट झाला. सीमेची ती कल्पना शास्त्राने केव्हाच मागे टाकली आहे. नाव तेवढे उरले आहे.

आजच्या अमेरिकी निकषांनुसार या विकाराची नऊ लक्षणे मानली जातात आणि निदानासाठी त्यांपैकी किमान पाच असावी लागतात. आपल्याला कोणी सोडून जाईल या भीतीने चाललेली जिवापाड धडपड. एका टोकाला देवत्व आणि दुसऱ्या टोकाला तिरस्कार अशी हेलकावणारी नाती. ‘मी कोण’ याबद्दलची अस्थिरता. स्वतःला हानिकारक ठरेल असा उतावळेपणा. स्वतःला इजा करणे किंवा आत्महत्येचे प्रयत्न. तासातासाला पालटणारी मनःस्थिती. आत सतत जाणवणारे रितेपण. आवरता न येणारा राग. आणि तणावाच्या क्षणी येणारा तात्पुरता संशय किंवा स्वतःपासूनच तुटल्याची जाणीव, अशी ती लक्षणे आहेत. सर्वसाधारण लोकसंख्येत शंभरात एक ते दोन जणांना हा विकार असावा, असे बहुतेक पाहण्यांतून दिसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या अकराव्या वर्गीकरणात व्यक्तिमत्त्व विकारांची मांडणी तीव्रतेनुसार केली असली, तरी ‘सीमावर्ती धाटणी’ अशी नोंद करण्याची सोय त्यात ठेवलेली आहे.

या नऊ लक्षणांत ‘पुनरावर्ती विचार’ हे शब्द कोठेही येत नाहीत. असे विचार या विकाराचे खास चिन्ह नाही. नैराश्य, चिंताविकार, आघातोत्तर तणाव आणि निद्रानाश यांतही ते आढळतात, आणि या विकाराच्या अनेक रुग्णांना यांपैकी एखादा त्रास सोबतीला असतोच. मात्र या नऊ लक्षणांपैकी अनेकांच्या मागे कान लावून ऐकले, तर तेच दळण चाललेले ऐकू येते.

एका रात्रीचा हिशेब

हे दळण कसे चालते, हे पाहण्यासाठी एक काल्पनिक पण नेहमी आढळणारा प्रसंग घेता येईल. एका तरुणीने रात्री नऊ वाजता जवळच्या मैत्रिणीला व्हॉट्सअॅपवर निरोप पाठवला. दोन निळ्या खुणा दिसल्या, म्हणजे तो वाचला गेला, पण उत्तर आले नाही. साडेनऊला पहिला प्रश्न उमटतो: ‘ती का बोलत नाही?’ दहा वाजता त्या प्रश्नाचे ‘मी काय चुकले?’ असे रूप होते आणि गेल्या आठवड्यातील प्रत्येक संभाषण पुन्हा चाळले जाते. साडेदहाला शाळेतली दुसरी मैत्रीण आठवते, जी अशीच दूर गेली होती, आणि ‘माझ्या बाबतीत नेहमी असेच का होते?’ हा प्रश्न पुढे येतो. अकरा वाजता शरम रागात बदलते, मनातल्या मनात भांडण रंगते, समोरचीची उत्तरेही स्वतःच रचली जातात आणि त्या रचलेल्या उत्तरांनी खरीखुरी जखम होते. बारा वाजेपर्यंत ‘मी कोणालाच नको आहे’ हा निकाल लागलेला असतो. बाहेर या तीन तासांत काहीही घडलेले नाही. मैत्रीण कदाचित झोपी गेली असेल. आत मात्र एका न आलेल्या उत्तरापासून अख्ख्या आयुष्याच्या निवाड्यापर्यंतचा प्रवास झालेला असतो.

या प्रवासातील प्रश्नांचा क्रम महत्त्वाचा आहे. ‘आज उत्तर का आले नाही’ हा ठोस प्रश्न होता आणि त्याचे उत्तर सकाळी एका फोनवर मिळाले असते. ‘माझ्या बाबतीत नेहमी असेच का होते’ हा प्रश्न इतका मोघम आहे, की त्याचे उत्तर कोणत्याही फोनवर मिळणे शक्य नाही. वॉटकिन्स यांच्या संशोधनाचा मुख्य धागा हाच आहे: अमूर्त आणि सर्वसाधारण ‘का’भोवती फिरणारा विचार माणसाला बुडवतो, तर ‘नेमके काय घडले, कसे घडले, आता काय करता येईल’ अशा ठोस पायऱ्यांनी जाणारा विचार, विषय तोच असला तरी, त्याला वर काढतो.

या शास्त्राचा पाया सुझन नोलेन-हूक्सेमा यांनी घातला. 17 ऑक्टोबर 1989 रोजी कॅलिफोर्नियात लोमा प्रिएटाचा मोठा भूकंप झाला, तेव्हा त्याच्या दोनच आठवडे आधी स्टॅनफर्ड विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी आपली मनःस्थिती आणि खिन्नतेला तोंड देण्याची पद्धत यांविषयीच्या प्रश्नावल्या योगायोगाने भरून दिलेल्या होत्या. भूकंपानंतर दहा दिवसांनी आणि सात आठवड्यांनी त्यांची पुन्हा पाहणी केली असता, मुळात रवंथ करण्याची सवय असलेल्या विद्यार्थ्यांत नैराश्याची लक्षणे अधिक आढळली, आणि आधीची मनःस्थिती हिशेबात धरूनही हा फरक टिकून राहिला. धक्का सगळ्यांना बसला होता. पण तो मनात किती काळ मुक्काम करील, हे ठरवण्यात विचार करण्याच्या पद्धतीचा वाटा होता.

भावनांचा धबधबा

सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकाराला ही दृष्टी थेट लावण्याचे काम एडवर्ड सेल्बी आणि थॉमस जॉइनर यांनी 2008 आणि 2009 मधील लेखनातून केले. त्यांच्या मांडणीला ‘भावनिक प्रपात प्रतिमान’ म्हणता येईल. प्रपात म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी कोसळणारा धबधबा. दुखावणाऱ्या प्रसंगाने भावना जागी होते, भावनेमुळे लक्ष त्याच प्रसंगाकडे वळते, विचारांच्या रवंथीने भावना आणखी तीव्र होते आणि तीव्र झालेली भावना लक्ष तिथेच अधिक घट्ट बांधून ठेवते. प्रत्येक फेरीत भर पडत जाऊन शेवटी अशी अवस्था येते, की गाणे ऐकणे, फिरून येणे किंवा कोणाशी बोलणे असले नेहमीचे उपाय तोकडे पडतात.

स्वतःला इजा करणे, अमर्याद खाणे, दारू किंवा टोकाचे भांडण या वर्तनांचा उलगडा हे प्रतिमान इथे करते. अशा वर्तनातून उठणारी शारीरिक संवेदना इतकी प्रबळ असते, की लक्ष क्षणभर विचारांपासून तुटते आणि धबधबा थांबतो. त्या थांबण्याने जी सुटका मिळते, तीच पुढच्या वेळी त्या वर्तनाकडे ओढून नेते, जरी त्यानंतर येणारी शरम नव्या रवंथीचे बी पेरत असली तरी. ‘लक्ष वेधून घेण्यासाठी केलेले नाटक’ हा जो शेरा अशा व्यक्तींवर घरात, कार्यालयात आणि कधी कधी दवाखान्यातही मारला जातो, तो किती उथळ आहे, हे यावरून कळून येते. असह्य झालेले चक्र तोडण्याचा तो एक घातक, पण माणसाला त्या क्षणी एकमेव वाटणारा मार्ग असतो.

याच माणसांच्या वाट्याला हे चक्र इतक्या जोराने का येते, याचे एक उत्तर मार्शा लिनेहन यांच्या जैव-सामाजिक सिद्धांतात मिळते. या सिद्धांतानुसार काहींची भावनिक घडण जन्मतःच अशी असते, की लहानशा कारणाने भावना चाळवते, ती जोराने उसळते आणि पूर्वस्थितीला यायला तिला फार वेळ लागतो. अशा मुलाला ‘एवढ्यातेवढ्याने रडायला काय झाले’, ‘तुला काही लागलेले नाही, उगाच करतोस’ असेच सतत ऐकावे लागले, तर आपल्या भावनांवर विश्वास कसा ठेवायचा आणि त्या शांत कशा करायच्या, हे दोन्ही त्याला शिकायला मिळत नाही. लिनेहन अशा भोवतालाला अनुभव नाकारणारे वातावरण म्हणतात. ते प्रत्येक वेळी क्रूर माणसांचेच असते असे नाही. मुलाची घडण आणि घराची रीत यांचा मेळ न बसल्यानेही ते तयार होते. काही रुग्णांच्या पूर्वायुष्यात मात्र अत्याचार आणि हेळसांड यांचा प्रत्यक्ष इतिहास असतो.

आता या घडणीत विचारांची भर घालून पाहावी. आपल्या भावनेची खातरी नसल्यामुळे प्रत्येक प्रसंग मनाच्या न्यायालयात पुन्हा चालवावा लागतो: माझे चुकले, की त्यांचे? नकाराची चाहूल घेणारे मन सदैव जागे असल्यामुळे संदिग्ध गोष्टींतही नकारच वाचला जातो. ‘मी कोण’ याचे उत्तर डळमळीत असल्यामुळे कोणत्याही साध्या प्रसंगाचा प्रश्न थेट स्वतःच्या किमतीवर येऊन ठेपतो. शिवाय रवंथ करणाऱ्या माणसाला ती निष्फळ वाटत नाही, ‘नीट विचार केला तर कारण सापडेल आणि पुन्हा असे होणार नाही’ हा विश्वास तिच्या मुळाशी असतो. काळजीविषयी थॉमस बोर्कोवेक यांनी असे दाखवले, की शब्दांत चालणारी काळजी डोळ्यांपुढे येणारी भयंकर चित्रे काही काळ बोथट करते. अर्थात जे टाळले जाते ते पचत नाही, आणि न पचलेले पुन्हा वर येते. रवंथ हा शब्द इथे वेगळ्या अर्थानेही लागू पडतो: गाय रवंथ करते ती पचवण्यासाठी, मनाची ही रवंथ मात्र पचनाच्या आड येते.

‘विचार करू नकोस’ हा सल्ला का फसतो

घरातून मिळणारा पहिला सल्ला बहुधा ‘विसरून जा’ किंवा ‘विचारच करू नकोस’ असा असतो. डॅनियल वेगनर यांनी 1987 मधील प्रसिद्ध प्रयोगात लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार न करण्यास सांगितले, तेव्हा तो विचार वारंवार डोकावत राहिला आणि नंतर मोकळीक मिळताच तो आणखी उसळून आला. दडपलेला विचार असा उलटतो, आणि ज्याला तो दडपता आला नाही, त्याला आपल्या दुबळेपणाचा आणखी एक पुरावा हाती लागतो.

दुसऱ्या टोकाचा उपायही तितकाच फसवा आहे. जिवलग व्यक्तीशी रोज दोन-दोन तास तोच विषय बोलत राहिल्याने मन मोकळे होते असे वाटते. पण अमांडा रोझ यांनी 2002 मध्ये मुलामुलींच्या मैत्रीचा अभ्यास करून दाखवले, की अशी ‘सह-रवंथ’ मैत्री घट्ट करते आणि त्याच वेळी खिन्नता व चिंताही वाढवते. मग उरतो तो तिसरा मार्ग: विचाराशी न झुंजता आणि त्याच्यामागे फरफटतही न जाता, त्याच्याशी असलेले नाते बदलणे.

या मार्गावरील सर्वांत परिचित उपचारपद्धती म्हणजे लिनेहन यांची ‘डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी’, जिला ‘डीबीटी’ म्हणतात आणि जिची पहिली नियंत्रित चाचणी 1991 मध्ये प्रसिद्ध झाली. केवळ ‘बदला’ असे सांगितले तर या रुग्णांना तो दोषारोप वाटतो आणि केवळ समजून घेतले तर त्यांचे हाल तसेच राहतात, हे ओळखून त्यांनी स्वीकार आणि बदल या दोन परस्परविरोधी वाटणाऱ्या गोष्टी एकाच उपचारात गुंफल्या. 2011 मध्ये लिनेहन यांनी जाहीरपणे सांगितले, की 1961 मध्ये वयाच्या सतराव्या वर्षी त्या स्वतः हार्टफर्डच्या मनोरुग्णालयात दाखल होत्या आणि स्वतःला इजा करत होत्या. त्यांनी हे निवेदन त्याच रुग्णालयात जाऊन केले.

या उपचारात शिकवल्या जाणाऱ्या कौशल्यांपैकी काही थेट या चक्रावर काम करतात. सजगतेच्या सरावात ‘मी कोणालाच नको आहे’ या वाक्याऐवजी ‘मी कोणालाच नको आहे असा विचार आत्ता मनात आला आहे’ अशी नोंद करायला शिकवतात, आणि या एका वाक्यरचनेने विचार आणि वस्तुस्थिती यांच्यात बोटभर फट पडते. ‘साखळी विश्लेषणात’ संकटापर्यंत नेणारी प्रत्येक कडी क्रमाने मांडली जाते: निरोप कधी पाठवला, पहिला विचार कोणता आला, शरीरात काय जाणवले, त्यापुढे काय केले. ‘का’ला बाजूला सारून ‘कसे’ विचारण्याची ही शिस्तच आहे, म्हणून वर सांगितलेल्या ठोस विचाराशी तिचे जवळचे नाते आहे. धबधबा कोसळू लागला असेल, तर मात्र विश्लेषणाला तो क्षण योग्य नसतो. तेव्हा थंड पाण्यात चेहरा बुडवून थोडा वेळ श्वास रोखणे, जोरकस व्यायाम करणे, श्वास लांबवणे असे शरीराच्या वाटेने जाणारे उपाय कामी येतात. थंड पाण्याने हृदयाचे ठोके मंदावतात, त्यामुळे हृदयविकार असणाऱ्यांनी हा उपाय डॉक्टरांना विचारूनच करावा. अशा उपायांतही एक प्रबळ संवेदनाच धबधबा तोडते, पण इजा न करता.

लंडनमध्ये अँथनी बेटमन आणि पीटर फोनागी यांनी घडवलेली उपचारपद्धती दुसऱ्या अंगाने याच ठिकाणी येते. आपल्या आणि इतरांच्या वागण्यामागे कोणती मनःस्थिती असू शकेल याचा अंदाज घेण्याच्या क्षमतेला ते ‘मेंटलायझेशन’ म्हणतात. भावना तापली की ही क्षमता खचते आणि अंदाजाची खातरी होऊन बसते. ‘ती उत्तर देत नाही, म्हणजे तिला मी नको आहे’ यातील ‘म्हणजे’ हा शब्द सैल करून ‘किंवा’ला जागा करून देणे, हे या उपचाराचे सार मानता येईल. औषधांबाबत एवढे सांगणे पुरेसे आहे, की मूळ विकारावर नेमके काम करणारे औषध आजवर मान्यता पावलेले नाही. सोबतच्या नैराश्य किंवा चिंतेसाठी मनोविकारतज्ज्ञ औषधे देतात आणि मुख्य भार मानसोपचारावरच असतो.

घरच्यांसाठी दोन शब्द

ज्या घरात असा रुग्ण आहे, तिथे आईवडील आणि जोडीदारही थकलेले असतात. त्यांच्या हातात असलेली एक गोष्ट म्हणजे बोलण्याचा क्रम. ‘एवढं काय त्यात’ या वाक्याने सुरुवात झाली, की रुग्णाला आधी आपले दुःख खरे आहे हे सिद्ध करावे लागते, आणि सिद्ध करण्यासाठी ते पुन्हा उगाळावे लागते. त्याऐवजी ‘तुला हे फार लागलंय, दिसतंय मला’ असे म्हणून थोडे थांबावे आणि मग ‘आत्ता, या घटकेला काय केलं तर बरं वाटेल?’ असे विचारावे. पहिल्या वाक्यात भावनेला मान आहे, निष्कर्षाला दुजोरा नाही. दुसऱ्या वाक्यात विचाराला ठोस दिशा आहे. स्वतःला संपवण्याची भाषा आली, तर ती धमकी समजून सोडून देऊ नये. केंद्र सरकारची 2022 मध्ये सुरू झालेली ‘टेलि-मानस’ सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य आहे आणि तिथे मराठीतूनही बोलता येते. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच गृहीत धरले आहे, त्यामुळे शिक्षेच्या भीतीने रुग्णालय टाळण्याचे कारण नाही.

हा विकार म्हणजे जन्मभराचा शिक्का, असा समज अजूनही मोठा आहे. अमेरिकेत मेरी झानारिनी यांनी मॅक्लीन रुग्णालयातील 290 रुग्णांचा दीर्घकाळ पाठपुरावा केला. दहा वर्षांत त्यांच्यापैकी 93 टक्के रुग्णांची लक्षणे निदानाच्या पातळीखाली येऊन किमान दोन वर्षे तशीच राहिली. काम आणि नाती यांसह आयुष्याची घडी पुरती बसणे मात्र अधिक कठीण ठरले आणि ते सुमारे निम्म्या रुग्णांना साधले. म्हणून या माणसांना शेरे नकोत, वेळेवर उपचार हवेत, आणि लक्षणे ओसरल्यानंतरही काम व नाती उभी करण्यासाठी दीर्घकाळाची सोबत हवी. उगाळत राहणे हा स्वभावाचा दोष नाही. ती मनाला लागलेली एक सवय आहे, आणि सवय बदलायला शिकवता येते.